दुसऱ्याच्या घराची पारख

‘घर पाहावें बांधून’ ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली, त्याचे पैसे आणि झोप हीं दोन्ही त्या बांधकामांत खर्ची पडलीं असावीं. गेल्या तीसएक वर्षांत मात्र घर पाहण्याची एक निराळीच तऱ्हा जगभर रूढ झाली आहे. घर दुसऱ्याचें, खर्च तिसऱ्याचा, घाम सुताराचा. आणि आपण टेलिव्हिजनसमोर बसून निकाल द्यावयाचा! गृहसजावटीच्या ह्या चढाओढींत कोणी कोणता रंग लावला हा इतिहास फारसा मोलाचा नाहीं. त्या पाहणाऱ्या प्रेक्षकांनीं वेळोवेळीं काय मत दिलें, हा इतिहास मात्र मला मनोरंजक वाटतो, आणि आज श्रोत्यांपुढें मी तोच मांडणार आहे.

लोकांना सजविलेली खोली दाखवून त्यांचें मत घ्यावें ही कल्पना टेलिव्हिजनच्या लोकप्रियतेहून जुनी आहे. लंडनच्या ‘डेली मेल’ पत्रानें आदर्श घराचें प्रदर्शन १९०८ सालींच सुरू केलें होतें. परंतु आपल्या विषयाचा खरा आरंभ मी १९४६ च्या सप्टेंबरांत धरतों. महायुद्ध नुकतेंच संपलें होतें. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्यें ‘ब्रिटन कॅन मेक इट’ ह्या नांवाचें प्रदर्शन भरलें आणि वर्षअखेरपर्यंत चौदा लाखांवर माणसें तें पाहून गेलीं. काल्पनिक कुटुंबांकरितां सजविलेल्या खोल्या हें त्याचें एक मोठें आकर्षण. सामान्य माणसाची अभिरुचि सुधारावी हा चालकांचा हेतु उघड होता. पण पाहणाऱ्यांना भलतेंच खुपलें. तेथील पुष्कळसा माल परदेशीं निर्यात करण्यासाठीं राखलेला; दुकानांत तो मिळण्याची आशा नाहीं. तेव्हां लोकांनीं प्रदर्शनाचें नांवच फिरवून ‘ब्रिटन कान्ट हॅव इट’ असें केलें. म्हणजे, आम्ही बनवूं शकतों खरें, पण आम्हांला तें मिळायचें नाहीं. ‘हें सुंदर आहे कीं नाहीं?’ असें तज्ज्ञ विचारीत होते, आणि लोक उत्तर देत होते, ‘असेल सुंदर, पण आमच्या घरीं तें कसें यावें?’

प्रश्न एक आणि उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचें, हा प्रकार पन्नास वर्षांनीं टेलिव्हिजनवर पुन्हा घडला.

१९९६ सालीं बी. बी. सी. नें ‘चेंजिंग रूम्स’ हा कार्यक्रम सुरू केला. त्याची योजना अगदीं साधी होती. दोन शेजाऱ्यांनीं आपापल्या घराच्या किल्ल्यांची अदलाबदल करावी, एकेका सजावटकाराच्या मदतीनें परस्परांची एक एक खोली दोन दिवसांत पालटून टाकावी, आणि खर्च पांचशें पौंडांत बसवावा. दोन दिवसांत आणि एवढ्या पैशांत जें होतें तेंच होई. एम. डी. एफ. म्हणतात त्या भुशाच्या फळ्या, भडक रंग, जिकडेतिकडे कापडाच्या झालरी. शेवटीं मालकाला डोळे झांकून आंत आणीत आणि मग डोळे उघडावयास सांगत. हा कार्यक्रम ऐन भरांत असतांना एक कोटीहून अधिक प्रेक्षक त्या क्षणाची वाट पाहात बसलेले असत. लॉरेन्स लेवेलिन-बोवेन ह्या सजावटकाराच्या लांब बाह्यांची चर्चा घरोघर होई; पण खोलीच्या सौंदर्याविषयीं प्रेक्षक जें बोलत तें बहुतेक मालकाच्या चेहऱ्यावरून वाचून बोलत. मालकीण हंसली तर खोली चांगली. तिचा चेहरा पडला तर सजावटकार दुष्ट.

ह्या कार्यक्रमाचे प्रवर्तक पीटर बॅझलजेट हे लंडनचीं भूमिगत गटारें बांधणाऱ्या सुप्रसिद्ध इंजिनियर जोसेफ बॅझलजेट ह्यांचे वंशज. पूर्वजानें जी घाण लंडनच्या घरांतून बाहेर काढली तीच वंशज पुन्हा घरोघर पोंचवीत आहे, अशी कोटी एका टीकाकारानें केली होती. कोटी चांगली आहे, पण मला ती अन्यायाची वाटते. घाण म्हणून जी हिणविली तीच पाहण्यासाठीं लोक आपण होऊन बसत होते.

२००० सालची गोष्ट पाहा. एका गृहिणीनें जुन्या चहादाण्यांचा संग्रह केला होता. लिंडा बार्कर ह्या सजावटकार बाईंनीं त्यासाठीं अधांतरीं टांगलेल्या फळ्यांची योजना केली. रात्रींत तें सारें कोसळलें आणि हजारों पौंडांच्या चहादाण्यांचा चुरा झाला. त्या सायंकाळीं प्रेक्षकांपैकीं कोणी त्या फळ्यांच्या कलात्मकतेवर वाद घातला असेल असें मला वाटत नाहीं. तिच्या वस्तूंना हात लावण्याचा अधिकार कोणी दिला, हा प्रश्न मात्र सर्वांना सुचला. आणि तरीहि त्या कार्यक्रमांतील दुसरा कोणताहि प्रसंग लोकांच्या इतका स्मरणांत राहिला नाहीं! येथें प्रेक्षकाला सर्वस्वीं निर्दोष ठरवितां येत नाहीं. हळहळलाहि तोच, आणि पुढल्या आठवड्यांत आणखी कांहीं फुटतें कीं काय म्हणून टेलिव्हिजन लावणाराहि तोच.

त्याच वर्षीं अमेरिकेंत ‘ट्रेडिंग स्पेसेस’ ह्या नांवानें ह्याच कल्पनेचा नवा अवतार झाला. खर्चाची मर्यादा एक हजार डॉलर. हिल्डी सँटो-टोमस ह्यांनीं एका खोलीच्या भिंतींना चक्क वाळलेलें गवत डकविलें. ह्यावर प्रेक्षक हंसले. परंतु डग विल्सन ह्यांनीं एका घरांतील विटांची शेकोटी मालकिणीची स्पष्ट नापसंती असतांना लांकडानें झांकून टाकली, तेव्हां ती बाई उठून शेजारच्या खोलीत गेली. अंगावरचा ध्वनिग्राहक चालूच राहिल्यामुळें तिचें हुंदके देऊन रडणें साऱ्या देशानें ऐकलें. खोली तशी वाईट दिसत नव्हती. पण तिनें नको म्हटलें होतें, आणि पाहणाऱ्यांच्या दृष्टीनें वाद तेथेंच संपला.

ऑस्ट्रेलियांत ह्या हकीकतीला निराळें वळण लागलें. २००३ सालीं तेथील नाइन वाहिनीनें ‘द ब्लॉक’ सुरू केला. सिडनीच्या बाँडाय भागांतील एका इमारतींत चार जोडप्यांना चार घरें दिलीं. त्यांनीं तीं सजवावयाचीं, आणि शेवटीं लिलाव. राखीव किंमतीवर जें मिळेल तें त्या जोडप्याचें. घर वाहिनीचें, राहणारा कोणीच नाहीं. मग रडणार कोण? आतां प्रेक्षकाचें मत मालकाच्या चेहऱ्याकडून बोलीच्या आंकड्याकडे वळलें. न्हाणीघराच्या फरशा सुंदर आहेत काय, ह्याऐवजीं त्या किंमत वाढवितील काय, असें साधीं माणसें दिवाणखान्यांत बसून बोलूं लागलीं. परीक्षकांनीं गौरविलेली खोली आणि लिलावांत चढलेली किंमत हीं जुळत नाहींत असें दिसलें, कीं अन्याय झाल्याची ओरड होई. २०११ सालीं मेलबर्नच्या रिचमंड भागांतील चार घरांपैकीं तीन लिलावांत विकलींच गेलीं नाहींत. अनेक आठवडे राबलेल्या त्या जोडप्यांचे उतरलेले चेहरे पाहून प्रेक्षक हळहळले. म्हणजे चेहरा अखेर परत आलाच.

बी. बी. सी. च्या २०१९ पासूनच्या ‘इंटीरियर डिझाइन मास्टर्स’ मध्यें स्पर्धकांना बहुधा दुकानें, उपाहारगृहें असलीं कामें देतात, आणि निकाल मिशेल ओगुंडेहिन ह्यांच्यासारख्या जाणत्या परीक्षकाच्या हातीं असतो. येथें वाद पुष्कळच सभ्यपणें चालतो. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ तो नेमानें पाहतात. मीं त्यांना विचारलें, ‘त्यांतली कोणती खोली तुम्हांला आवडली?’ ते म्हणाले, ‘खोली आठवत नाहीं हो. पण परवां ज्या मुलीला घरीं पाठविलें ना, तिला उगाच पाठविलें.’