सहा फुटी माणसाचं शहर

ल कॉर्बुझिए म्हणजे चंदिगडचा वास्तुविशारद. इमारतींची मापं ठरवायला त्याने ‘मोड्युलर’ नावाची पद्धत तयार केली. तिच्या केंद्रस्थानी हात वर करून उभा असलेला एक पुरुष आहे. आधी त्याची उंची १७५ सेंटिमीटर होती, नंतर ती १८३, म्हणजे सहा फूट झाली. सहा फुटांवर हिशेब सोपा होतो हे एक कारण. दुसरं असं की, इंग्रजी डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांतले देखणे पोलीस सहा फुटीच असतात! हा किस्सा कॉर्बुझिएनेच लिहून ठेवलाय. चंदिगडच्या सरकारी इमारतींत हीच पद्धत वापरली गेली.

मी सॉफ्टवेअर लिहिते, त्यामुळे हा माणूस माझ्या ओळखीचा आहे. आमच्याकडे त्याला ‘डिफॉल्ट’ म्हणतात. बाकीचे सगळे ‘एज केस’, वेळ उरला तर त्यांचं बघू. पण बायका, मुलं, म्हातारी माणसं, अपंग माणसं अशी बेरीज करत गेलं, तर डिफॉल्टच अल्पमतात जातो.

१९७६ साली ब्रिटनमध्ये ‘युपियास’ या अपंगांच्या संघटनेने एक पुस्तिका काढली. तिचा मुद्दा माझ्या उदाहरणाने सांगायचा तर असा: पाय चालत नाहीत, ही शरीराची गोष्ट. ग्रंथालयात जाता येत नाही, ही पायऱ्यांची गोष्ट. अपंगत्व शरीरात नसतं, ते समाज लादतो. स्त्रीवादी त्या काळात हेच वेगळ्या बाजूने मांडत होत्या. गर्भाशय निसर्गाने दिलं असेल, पण स्वयंपाकघर नाही.

हे दोन्ही विचार सेल्विन गोल्डस्मिथ यांच्या लेखनात एकत्र येतात. पोलिओ झालेल्या या ब्रिटिश वास्तुविशारदाने १९६३ साली अपंगांसाठीच्या डिझाइनवर पुस्तक लिहिलं. पुढे १९९७च्या पुस्तकात त्यांनी चौकट बदलली. अपंगांसाठी वेगळी सोय करणं पुरेसं नाही. इमारत ज्यांना अडवते, ते सगळे वास्तूमुळे अपंग झालेले, असं ते म्हणू लागले. त्यात बाबागाडी ढकलणारी आई आली आणि स्वच्छतागृहाबाहेर रांगेत ताटकळणाऱ्या बायकाही आल्या. दोघांना सारखं क्षेत्रफळ दिलं, तरी मुताऱ्यांना जागा कमी लागते, म्हणून पुरुषांची सोय जास्त होते. कागदावर समानता असते, रांग मात्र एकाच दारापाशी लागते.

मुंबईत २०११पासून ‘राइट टू पी’ चळवळीने हाच प्रश्न लावून धरला. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना पैसे, असं का? जागा मिळणार नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या बाईला बांधकामाच्या त्रुटीची किंमत शरीराने मोजावी लागते.

मग सहा फुटी पुरुष काढून त्या जागी दुसरं कुणी ठेवलं की झालं? नाही. व्हीलचेअरसाठी फुटपाथची कड उतरती केली, तर अंध माणसाच्या काठीला फुटपाथ कुठे संपला ते कळत नाही. एकाची सोय दुसऱ्याचा धोका ठरू शकते. जपानमध्ये सेइइची मियाके यांनी तयार केलेल्या उंचवट्यांच्या फरशा इथे उपयोगी पडतात. त्या १९६७ साली ओकायामात पहिल्यांदा बसवल्या गेल्या. मेट्रो स्टेशनवर दिसणारे पिवळे पट्टे ते हेच. उभ्या रेघा म्हणजे चालत राहा, गोल ठिपके म्हणजे थांबा. आपण त्यावर बॅगा ठेवतो, ते सोडा.

अशा अडचणी एकट्याने बसून सुचत नाहीत, विचाराव्या लागतात. लंडनमध्ये १९८०च्या सुमारास स्त्री वास्तुविशारदांनी उभ्या केलेल्या ‘मॅट्रिक्स’ या सहकारी गटाने तेच केलं. व्हाइटचॅपलमध्ये बांगलादेशी स्त्रियांसाठी त्यांनी ‘जागोनारी’ हे केंद्र आखलं. ते १९८७ साली पूर्ण झालं. वर्णद्वेषी हल्ल्यांची भीती होती म्हणून खिडक्यांना जाळ्या हव्या होत्या, पण इमारत तुरुंगासारखी दिसायला नको होती. म्हणून जाळ्यांनाच नक्षीचं रूप दिलं. विटा निवडायलाही त्या बायका सोबत होत्या.

वास्तुशास्त्राचा नकाशा वाचता येत नसेल, तर त्यावर मत कसं देणार? म्हणून मॅट्रिक्सच्या बायका इतर बायकांना नकाशे वाचायला शिकवत. इमारतीत शिरण्याची वाट तिथूनच सुरू होते. रॅम्प त्यानंतर येतो.