इंजिनाची टायमिंग जुळणी (विशेष साधनांविना)

टायमिंग जुळणी म्हणजे मोटारीच्या इंजिनाची फेरजोडणी करताना क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्ट यांची परस्परसापेक्ष स्थिती निश्चित करणे होय. चार धावांच्या इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. हे प्रमाण दातेरी चाके राखतात. आरंभीची स्थिती मात्र जोडणाऱ्याने ठरवावयाची असते. त्यासाठी उत्पादक खास खुंट्या व पट्ट्या पुरवतात. त्या नसल्या तरी जुळणी साधता येते, पण चुकीला वाव फार थोडा असतो. कॅमच्या चाकाला ४० दाते असल्यास टायमिंग बेल्ट एक दात सरकताच झडपांची वेळ क्रँकशाफ्टच्या १८ अंशांनी चुकते. उघडी झडप दट्ट्याच्या मार्गात येऊ शकेल अशा इंजिनात मोठ्या चुकीने झडपा वाकतात.

खुणा

सर्वांत भरवशाचा उपाय इंजिन उघडण्यापूर्वीचा आहे. चाके, बेल्ट आणि इंजिनाचा स्थिर भाग यांवर रंगाने खुणा कराव्यात. अनेक इंजिनांत कारखान्यातूनच खुणा असतात. ॲम्बॅसडरच्या जुन्या, ब्रिटिश बी-मालिकेवर आधारलेल्या इंजिनात दोन्ही साखळीचाकांवरील खळगे समोरासमोर आणले की जुळणी होते.

दट्ट्याचे वरचे टोक

खुणा नसल्यास पहिल्या सिलिंडरच्या दट्ट्याचे सर्वोच्च स्थान, म्हणजेच टीडीसी, शोधावे लागते. स्पार्क प्लगच्या भोकातून स्क्रूड्रायव्हर घालून अंदाज घेण्याची गॅरेजमधील पद्धत फसवी आहे, कारण माथ्याजवळ दट्ट्या जवळजवळ स्थिर असतो. मारुती ८०० च्या ७९६ घन सेंमी इंजिनात दट्ट्याची धाव ७२ मिमी आहे. तेथे क्रँकशाफ्ट माथ्यापासून ५ अंश फिरला तरी दट्ट्या जेमतेम पाव मिलिमीटरच्या आत खाली येतो. म्हणून प्लगच्या भोकात बोथट टोकाचा बोल्ट अडसर म्हणून बसवतात. क्रँकशाफ्ट पान्याने हलकेच फिरवून दट्ट्या अडेल तेथे पुलीवर खूण करतात, मग उलट दिशेने फिरवून दुसरी. अडसर काढल्यावर दोन्ही खुणांचा मध्य हेच टीडीसी. हे करताना झडपा मिटलेल्या असाव्यात.

दट्ट्या माथ्यावर संपीडनाच्या व उत्सर्जनाच्या, अशा दोन्ही धावांच्या अखेरीस येतो. संपीडनाच्या वेळी त्या सिलिंडरच्या दोन्ही झडपा बंद असतात, यावरून भेद कळतो.

चावी नसलेली चाके

फोर्डच्या ड्युराटेक एचई व माझदाच्या एल मालिकेत क्रँकशाफ्टवरील चाक खाचेतल्या चावीने नव्हे, केवळ बोल्टच्या दाबाने धरलेले असते. बोल्ट सैल करताच चाकाची जागा हरवते, त्यामुळे चाकावरच्या खुणा निरुपयोगी ठरतात. येथे कॅमशाफ्टच्या मागील खाचांत बसणारी सरळ पोलादी पट्टी पर्याय म्हणून चालते. क्रँकशाफ्ट मात्र खुंटीने टीडीसीवर आणावा लागतो. ही खुंटी स्थान दाखवण्यापुरती असते. तिच्या आधारावर बोल्ट आवळल्यास ती वाकते किंवा तुटते.

पडताळणी

स्टार्टर मारण्यापूर्वी क्रँकशाफ्ट हाताने पूर्ण दोन फेरे फिरवतात, कारण त्यानंतरच कॅमशाफ्टचा एक फेरा पुरा होतो. मध्येच कठीण अडथळा लागल्यास जोर न लावता जुळणी पुन्हा तपासतात.