यंत्राची मराठी आणि आपली निशाणी

कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेली मराठी आता आपल्या दारात येऊन उभी आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅटजीपीटी’ सर्वांसाठी खुले झाले. तेव्हापासून निवेदने, सभांची निमंत्रणे, श्रद्धांजलीचे लेख, इतकेच नव्हे तर अर्जांचे कच्चे मसुदेही यंत्राकडून लिहवून घेण्याची रीत पडत चालली आहे. ही मराठी बहुधा व्याकरणाला धरून असते. तरी वाचणाऱ्यास ती कोणाचीच वाटत नाही. म्हणून आता दुसराच धंदा निघाला आहे : यंत्राचे लेखन ‘माणसाचे’ भासवून देणारी आणखी यंत्रे. ती शब्दांना पर्याय बसवतात, वाक्ये तोडतात, जोडतात आणि प्रसंगी मुद्दाम एखादी चूक पेरतात.

चूक पेरून माणूस भासण्याची युक्ती जुनीच आहे. अॅलन ट्युरिंग यांनी १९५० साली ‘माइंड’ या नियतकालिकात यंत्राच्या विचारशक्तीवर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यातील नमुन्याच्या प्रश्नोत्तरांत ३४९५७ आणि ७०७६४ यांची बेरीज विचारली आहे. सुमारे तीस सेकंदांनी उत्तर येते : १०५६२१. खरी बेरीज १०५७२१ होते. माणूस म्हणून खपावयाचे तर यंत्राला हिशेबात जाणूनबुजून चुकावे लागेल, हे ट्युरिंग यांनी त्याच निबंधात पुढे सांगितलेही आहे. पण चुकल्याने परीक्षक फसेल. लेखन स्वाभाविक होईल काय? या प्रश्नाचे उत्तर मराठी गद्याच्या इतिहासात सापडते, कारण ‘बरोबर पण आपली नव्हे’ अशी मराठी आपल्या भाषेने यापूर्वीही पाहिली आणि पचवली आहे.

प्रथम गोव्याकडे पाहू. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. मधली सदतीस वर्षे हा मनुष्य प्रामुख्याने साष्टीच्या गावांतून वावरत होता. लोक काय ऐकतात, कशावर माना डोलावतात, हे त्याने जाणले आणि परक्या धर्माची कथा पुराणाच्या घाटात, ओवीत सांगितली. भाषा मराठी, पण कोंकणी शब्दांना तिने दार बंद केले नाही. जवळजवळ तीनशे वर्षांनी, १९०७ मध्ये, हा ग्रंथ पुन्हा छापला गेला तो मंगळुरास. म्हणजे तोवर तो ख्रिस्ती घराण्यांतून जपला गेला होता. जन्माने परका असलेला लेखक मराठीत स्वाभाविक लिहू शकतो, याचा हा भक्कम पुरावा होय.

आता दुसरी बाजू. विल्यम केरी यांनी बंगालमधील श्रीरामपूर येथून १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि १८१० साली कोश प्रसिद्ध केला. बायबलची मराठी भाषांतरेही तेथूनच निघाली. त्यांचा उद्योग अचाट होता, हाताशी वैजनाथ पंडितांसारखे जाणकार होते. तथापि हे सारे काम मराठी मुलखापासून शेकडो कोस दूर चालले होते. बाजारात, शेतात, चुलीपाशी बोलली जाणारी मराठी केरींच्या कानावर रोज पडत नव्हती. पुढे मुंबईतील अमेरिकन मिशनला बायबलच्या भाषांतराचे काम नव्याने हाती घ्यावे लागले. आजच्या यंत्राची स्थिती श्रीरामपूरच्या जवळची आहे, रायतूरच्या नव्हे. त्याच्यापुढे मजकुराचे डोंगर आहेत. एका शब्दामागून कोणता शब्द येणे संभवते, हे ते त्यांवरून ताडते. शेजार मात्र त्याला नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हा प्रश्न सरकारी झाला. मेजर थॉमस कँडी यांचे मराठीवर मोठे उपकार आहेत. मोल्सवर्थच्या १८३१ च्या कोशात त्यांचा हात होता आणि इंग्रजी वळणाची विरामचिन्हे मराठीत रुळविण्याचे श्रेयही त्यांना दिले जाते. परंतु शाळेची क्रमिक पुस्तके त्यांच्या नजरेखालून जाऊ लागली आणि भाषांतराचा एक ठरीव साचा तयार झाला. या पार्श्वभूमीवर १८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ सुरू केली आणि आरंभीच मराठी भाषेच्या तत्कालीन स्थितीचा प्रश्न हाती घेतला. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. शास्त्रीबुवा स्वतः मेकॉले आणि जॉन्सन यांच्या गद्यावर पोसलेले होते. त्यांच्या दीर्घ वाक्यांवर इंग्रजीची छाया उघड दिसते. तरीही ते गद्य कोणाला परके वाटले नाही. त्यामागे एक माणूस होता. त्याला राग येत होता, त्याला आपले वाचक ठाऊक होते आणि लिहिलेल्या प्रत्येक शब्दाची जबाबदारी त्याच्या नावावर होती. तेव्हा उसने वळण हा खरा दोष नव्हे. आपण आज सहज वापरतो ती विरामचिन्हेही उसनीच आहेत. आणि अण्णा, अक्का, तूप, अडकित्ता हे शब्द कन्नडकडून आले असे अभ्यासक सांगतात, म्हणून काही ते आपल्या घरात उपरे ठरत नाहीत.

साचा असणे हाही दोष नव्हे. मोडीतील जुनी पत्रे पाहावीत. कोणास कोणता मायना लिहावा याची मेस्तके होती. वडिलांस ‘तीर्थरूप’, धाकट्यास ‘चिरंजीव’, मानकऱ्यास ‘राजमान्य राजश्री’. आरंभ ठरलेला, शेवटही ठरलेला. जीव असे तो ‘विशेष’ म्हणून पुढे येणाऱ्या मजकुरात : कोणत्या गावची गुरे, किती खंडी भात, कोणी अडविले. आणि कागदाच्या अखेरीस जबाबदारीची वाटणी स्पष्ट असे. ‘बिकलम’ म्हणून लेखकाचे नाव, खाली साक्षी, आणि लिहिता न येणाऱ्या कुणब्याची नांगराची निशाणी. अक्षर दुसऱ्याचे, पण म्हणणे नांगरवाल्याचे. त्या कागदाला वजन येई ते या निशाणीमुळे.

सीमाभागातील आपल्या लोकांना हा भेद विशेष जपला पाहिजे. संविधानाच्या अनुच्छेद ३५० नुसार आपल्या गाऱ्हाण्याचे निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. समजा, यंत्राने लिहिले : ‘भाषिक अल्पसंख्याकांचे हक्क ही केवळ कायदेशीर बाब नसून सांस्कृतिक अस्मितेचा अविभाज्य घटक आहे.’ हे वाक्य बेळगाव, इंदूर, बडोदे, हैदराबाद, कोठूनही कोणासही धाडता येईल. आणि म्हणूनच टेबलावरील अधिकारी ते न वाचता पुढे सारील. याउलट : ‘उतारा कन्नडात मिळाला. खातेदार सत्तर वर्षांचे असून त्यांना तो वाचता येत नाही. पुढील तारखेपूर्वी मराठी प्रत मिळावी.’ या तीन वाक्यांत अलंकार नाही, मुद्दाम केलेली चूक नाही. पण यांना उत्तर द्यावे लागते. पहिल्या वाक्यात शंभर पर्यायी शब्द बसवले तरी त्यातून हा खातेदार प्रकट होणार नाही, कारण तो मुळात तेथे नव्हताच.

धोका याहून खोल आहे. यंत्र जे वाचते त्यात पुण्या-मुंबईच्या छापील मराठीचा भरणा असणार हे उघड आहे. आमचा कन्नडच्या शेजारचा हेल, ग्वाल्हेर-इंदूरची हिंदीशी मिसळलेली बोली, गोव्याचे मराठी-कोंकणी सख्य, तंजावरकडे टिकलेली जुनी रूपे यांचा वाटा त्यात तोकडा पडणार. आपणही त्याच गुळगुळीत भाषेत लिहू लागलो तर उद्याच्या यंत्राला आपल्या नावाने तीच भाषा वाचावयास मिळेल. ज्या लोकांना आपली भाषा येथे नांदते हे वारंवार सिद्ध करावे लागते, त्यांनी आपल्याच हाताने हा पुरावा पुसून टाकू नये.

यंत्र वर्ज्य करा असे माझे म्हणणे नाही. वकिलाच्या कचेरीत कारकून असतोच. मसुदा तो लिहितो, म्हणणे पक्षकाराचे असते. यंत्राकडून लिहवून घेण्याआधी गाव, साल, गट क्रमांक, शाळेचे नाव आणि नेमकी मागणी आपल्या शब्दांत कागदावर उतरवावी. मसुदा हाती आला की घरातील वडीलधाऱ्यांस तो मोठ्याने वाचून दाखवावा आणि ज्या वाक्याशी ‘असं कोण बोलतं रे?’ असा प्रश्न येईल, ते काढून टाकावे. जे वाक्य दुसऱ्या कोणत्याही गावाला चालेल, तेही काढावे. उरेल ते थोडे असेल, पण आपले असेल. बिकलम यंत्राचे असले तरी चालेल. खालचा नांगर मात्र आपल्याच हाताने काढलेला हवा.