परमने चिप किती वेळा बदलली?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं पडतं, त्यांच्यासाठी आजच्या एपिसोडचा हा मजकूर. आज आकडे जरा जास्त आहेत, त्यामुळे वाचलेलंच बरं.

२०२० मध्ये ॲपलने मॅकमधली इंटेलची चिप काढून स्वतःची एम१ घातली, तेव्हा आमच्या ऑफिसात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. ॲपलची ती तिसरी वेळ. १९९४ला मोटोरोलाच्या ६८००० घराण्यातून पॉवरपीसीवर, २००६ला इंटेलवर, आणि मग आर्मवर. हे आपल्याला पाठ असतं. पण आपल्याच पुणे जिल्ह्यात, गणेशखिंडीला विद्यापीठाच्या आवारात बसलेल्या सी-डॅकने १९९१ ते २००८ या सतरा वर्षांत आपल्या 'परम' सुपरकॉम्प्युटरची चिप चार वेळा मुळापासून बदलली, हे बीटेकच्या चार वर्षांत मला कुणी सांगितलं नाही.

'मुळापासून बदलली' म्हणजे काय? बारामती-इंदापूरकडच्या मंडळींना लगेच कळेल. विहिरीवर आधी ऑइल इंजिन होतं, मग विजेची मोटर आली, आता सोलर पंप येतोय. पाणी उपसणारं यंत्र बदललं तरी पुढची पाइपलाइन तीच, ऊस तोच, रात्री दारं धरायला जाणारा माणूसही तोच. कॉम्प्युटरमध्ये हे इतकं सोपं नसतं. प्रत्येक चिप-घराण्याची आज्ञांची भाषा वेगळी. एकीसाठी तयार केलेला प्रोग्राम दुसरीला अगम्य. म्हणजे मोटर बदलली की पाइपलाइन उखडून नवीन टाकायची! शास्त्रज्ञाने दोन वर्षं खपून लिहिलेला हवामानाचा प्रोग्राम दर नव्या मशीनसाठी पहिल्यापासून लिहायचा म्हटलं, तर तो नवं मशीन घेणारच नाही.

आता गोष्ट. ऐंशीच्या दशकात भारताला हवामानाच्या अंदाजासाठी अमेरिकेचा क्रे सुपरकॉम्प्युटर हवा होता. मागितलेलं एक्स-एमपी २४ हे मॉडेल मिळालं नाही, त्याऐवजी लहान एक्स-एमपी १४ मिळालं, आणि तेही अटींसकट. मग १९८८ मध्ये सी-डॅक सुरू झालं. मुदत तीन वर्षं, पैसे सुमारे तीस कोटी, नेतृत्व अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याच्या डॉ. विजय भटकरांचं.

एक प्रचंड प्रोसेसर बनवणं किंवा विकत आणणं, दोन्ही शक्य नव्हतं. मग ठरलं की पुष्कळ छोटे जोडायचे. त्यासाठी निवडली ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीची टी८०० ट्रान्सप्युटर चिप. ही चिप तेव्हा खरोखर भारी होती. हिशेब करणारा भाग, थोडी मेमरी आणि शेजाऱ्यांशी बोलायला चार लिंक, सगळं एकाच तुकड्यावर. म्हणजे चिपा एकमेकींना जोडत जायचं, जाळं वाढत जातं. १९९१ला ६४ ट्रान्सप्युटरचं परम ८००० उभं राहिलं. पुढे त्याचं एक मशीन मॉस्कोलाही बसवलं गेलं.

इथपर्यंतची गोष्ट भाषणांमध्ये नेहमी येते. मला खरी गंमत वाटते ती पुढच्या वर्षाची, जिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

ट्रान्सप्युटर बोलायला हुशार होता, पण आकडेमोडीत मागे पडायला लागला. इनमॉस १९८९लाच एसजीएस-थॉमसनला विकली गेली होती, आणि तिची पुढची चिप, टी९०००, आज येते उद्या येते करत रखडली. शेवटी ती जमलीच नाही. विचार करा, तुमचं अख्खं मशीन ज्या चिपच्या चार लिंकांभोवती बांधलंय, तिचा वंशच पुढे चालणार नाही.

सी-डॅकने १९९२ला परम ८६०० केलं. त्यात प्रत्येक नोडवर इंटेलची एक आय८६० आणि सोबत चार टी८०० ट्रान्सप्युटर. आकडेमोड इंटेलने करायची, निरोप्याचं काम ट्रान्सप्युटरने. जुन्या चिपला घालवून न देता तिला जे उत्तम जमतं तेवढंच काम दिलं. आणि वरचं प्रोग्रामिंगचं वातावरण, 'पारस', दोन्ही मशीनवर तेच ठेवलं. त्यामुळे ८०००साठी लिहिलेला प्रोग्राम ८६००वर नेता यायचा. आपली पाइपलाइन ती हीच. ८६००चा एक क्लस्टर ८०००च्या चार क्लस्टरांच्या तोडीचा मानला गेला. आय८६० तशी नाठाळ चिप. कागदावरचा वेग प्रत्यक्षात काढताना कंपायलर लिहिणाऱ्यांचा घाम निघायचा, आणि ती बाजारात फार टिकलीही नाही.

पण तोवर सी-डॅकला धडा मिळाला होता. १९९४चं परम ९००० त्यांनी मुद्दाम सुटसुटीत ठेवलं, प्रोसेसर बदलता येईल असं. एकाच मशीनची सुपरस्पार्कवाली आवृत्ती, अल्ट्रास्पार्कवाली आवृत्ती आणि डेकच्या अल्फावालीसुद्धा. त्याच वर्षी एमपीआय हे प्रमाण जगभरासाठी आलं. वेगवेगळ्या प्रोसेसरांनी एकमेकांना निरोप कसे पाठवायचे, याची ती सामायिक पद्धत. फोरट्रान किंवा सीमध्ये एमपीआय वापरून लिहा आणि नव्या मशीनवर पुन्हा कंपाइल करा. ॲपलने प्रत्येक बदलात जुनी ॲप्स चालवायला मधे दुभाष्या ठेवला, कारण त्यांच्या गिऱ्हाइकाकडे मूळ कोड नसतो. शास्त्रज्ञाकडे तो असतो, म्हणून परमला दुभाष्या लागला नाही.

बाकीचं भराभर सांगतो. १९९८चं परम १०००० सनच्या अल्ट्रास्पार्क-२वर, म्हणजे घराणं तेच. २००३चं परम पद्म आयबीएमच्या २४८ पॉवर४ प्रोसेसरांवर. एक टेराफ्लॉपच्या पुढे गेलेलं ते भारतातलं पहिलं मशीन. २००८चं परम युवा इंटेलच्या झिऑनवर.

एक तांत्रिक किडा इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. 'तेवीस' म्हणताना आपण आधी तीन म्हणतो, मग वीस. लिहिताना मात्र आधी २. चिपांमध्येही असेच दोन पंथ आहेत, मोठा अंक आधी ठेवणारे आणि लहान आधी ठेवणारे, म्हणजे बिग एंडियन आणि लिटल एंडियन. ट्रान्सप्युटर लहानवाला. स्पार्क मोठावाला. परम पद्मही मोठावाला. झिऑन परत लहानवाला. म्हणजे प्रोग्राम नीट कंपाइल झाला तरी जुन्या मशीनवर साठवलेली आकड्यांची फाइल नव्यावर वाचली की कचरा दिसणार. मी स्वतः कामात इंटेलवरून आर्मवर सर्व्हर हलवलेत. चिप बदलणं अर्ध्या दिवसाचं काम असतं. महिना जातो तो कुठल्या तरी कोपऱ्यातली जुनी लायब्ररी शोधण्यात.

आता वादाचा मुद्दा. परमबद्दल दोन टोकाची वाक्यं ऐकू येतात. एक, 'संपूर्ण स्वदेशी'. दुसरं, 'बाहेरचे भाग आणून जोडले, त्यात काय!' मला दोन्ही पटत नाहीत. जाळं, निरोपांची यंत्रणा, सॉफ्टवेअर हे इथलं होतं, आणि तेच इथलं होतं म्हणून चार वेळा चिप बदलूनही परम उभं राहिलं. पण चिप मात्र प्रत्येक वेळी बाहेरची, आणि १९८०च्या दशकातला प्रश्न तर चिपवाल्यांच्या मर्जीचाच होता. पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत २०१८ साली बसवलेलं 'प्रत्युष' कुणाचं माहितीये? क्रेचं. गणेशखिंडीपासून काही किलोमीटरवर.

हे आपल्या भागासाठी नुसतं कुतूहल नाही. इंदापूर पर्जन्यछायेत. आपल्याला उजनीत आणि नीरा खोऱ्यात पाणी किती येतंय, ते पाहून उसाचं ठरवावं लागतं. पाषाणच्या संस्थेने २०२५ मध्ये आणलेलं अंदाजाचं नवं मॉडेल सहा किलोमीटरच्या चौकटीत हिशेब करतं, आधीचं बारा किलोमीटरचं होतं. चौकट जितकी लहान तितकं मशीन मोठं लागतं, आणि त्या मशीनची चिप कोण देणार हा प्रश्न थेट आपल्या बांधापर्यंत येतो.

सप्टेंबर २०२४ मध्ये 'परम रुद्र' देशाला अर्पण झालं. त्यातलं एक आपल्याच जिल्ह्यात, खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीसाठी. सर्व्हर सी-डॅकचे, प्रोसेसर इंटेलचा. आता सी-डॅक 'औम' नावाचा स्वतःचा प्रोसेसर आखतंय. त्याचे कोअर आर्मचे आहेत, म्हणजे मूळ आराखडा पुन्हा ब्रिटिश, या वेळी केंब्रिजचा. पण चिपची आखणी इथली. तो परममध्ये बसला की पाचवी बदली, आणि सगळे प्रोग्राम पुन्हा कंपाइल करायचे. त्यातल्या त्यात बरं एवढंच की इंटेल आणि आर्म दोन्ही लहान अंक आधी ठेवणारे, त्यामुळे निदान फाइली उलट्या कराव्या लागणार नाहीत.