माल्टाच्या सशाचे कालवण

भूमध्य समुद्रात, सिसिलीच्या दक्षिणेस, माल्टा हे चिमुकले बेट आहे. संत पौलाचे गलबत फुटून तो ज्या बेटाच्या किनाऱ्याला लागला ते हेच, हे ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या 28 व्या अध्यायामुळे वाचकांना परिचित आहे. या कॅथलिक बेटावर सणासुदीला घरोघरी जो मानाचा पदार्थ रांधला जातो, तो म्हणजे सशाचे कालवण. माल्टी भाषेत त्याला ‘स्तुफ्फात ताल-फेनेक’ म्हणतात. ‘फेनेक’ म्हणजे ससा. एका साध्या घरगुती कालवणाभोवती राजसत्ता, धर्मसत्ता आणि रयतेची भूक यांचा केवढा इतिहास गुंतला आहे, हे पाहण्याचा प्रयत्न आम्ही येथे करीत आहोत.

प्रथम या प्राण्याची ओळख करून घेतली पाहिजे. मराठीत आपण ‘ससा’ हा एकच शब्द दोन निराळ्या प्राण्यांना लावतो. आपल्या माळरानावरचा ससा बिळे करून राहत नाही. त्याची पिल्ले अंगावर लव घेऊन, उघड्या डोळ्यांनी जन्मतात. युरोपातील ज्या सशापासून आजचा पाळीव ससा निपजला, तो मात्र बिळांत वस्ती करतो आणि त्याची पिल्ले उघडी व आंधळी जन्मतात. त्याचे मूळ वसतिस्थान स्पेन-पोर्तुगालचा द्वीपकल्प आणि दक्षिण फ्रान्स. रोमन ग्रंथकार व्हारो याने इसवी सनापूर्वी 37 च्या सुमारास शेतीवर लिहिलेल्या ग्रंथात स्पेनच्या या बिळात राहणाऱ्या सशाची नोंद केली आहे आणि श्रीमंतांच्या मळ्यांवर भिंती घालून ससे कसे राखीत, हेही सांगितले आहे. प्लिनीने तर पहिल्या शतकात लिहून ठेवले की, बालेआरिक बेटांवर सशांनी पिकांचा एवढा फडशा पाडला, की तेथील लोकांनी सम्राट ऑगस्टसकडे सैन्याची मदत मागितली!

याच प्लिनीच्या ग्रंथात ‘लौरिकेस’ नावाच्या पदार्थाचा उल्लेख आहे. पोटातली किंवा अंगावर पिणारी सशाची पिल्ले, आतडी न काढता, मोठ्या आवडीने खाल्ली जात. या उल्लेखाला पुढे एक शेपूट फुटले. पोप पहिले ग्रेगरी (कारकीर्द 590 ते 604) यांनी इसवी सन 600 च्या सुमारास ही पिल्ले ‘मासळी’त मोडतात असे ठरवून प्रायश्चित्तकाळात ती खाण्यास मुभा दिली, त्यामुळे फ्रान्समधील मठवासी ससे पाळू लागले आणि पाळीव सशाचा जन्म झाला, अशी ती कथा. पाकशास्त्राच्या पुस्तकांपासून विज्ञानाच्या लेखांपर्यंत ती अनेक वर्षे निर्धास्तपणे छापली गेली. धर्माधिकाऱ्यांच्या जिभेचे चोचले आणि नियमांतल्या पळवाटा यांवर हसण्यासाठीही ती सोयीची होती.

2018 साली काही संशोधकांनी या कथेचा माग काढला, तेव्हा पोपमहाशयांचा असा कोणताही आदेश आढळला नाही. आढळला तो दुसऱ्याच ग्रेगरींचा मजकूर. हे ग्रेगरी म्हणजे फ्रान्समधील तूर नगरीचे बिशप. त्यांनी आपल्या इतिहासग्रंथात रोक्कोलेनुस नावाच्या एका सरदाराची हकिकत दिली आहे. त्याने तूर नगरीला धाक घातला, तो आजारी पडला, प्रायश्चित्तकाळाच्या पवित्र दिवसांत सशाची पिल्ले वारंवार खात राहिला आणि अखेर मरण पावला. या मजकुरात परवानगीचा मागमूसही नाही. उलट, उपवासाच्या दिवसांत असे खाणे हे त्या माणसाच्या उद्दामपणाचे लक्षण म्हणून नोंदले आहे. दोन ग्रेगरींच्या नामसाम्यातून निंदेची परवानगी झाली! ससा माणसाळला तो एखाद्या फर्मानाने एका रात्रीत नव्हे, तर रोमन आवारांपासून मध्ययुगीन वाड्यांपर्यंत शेकडो वर्षांच्या सहवासाने, असे हे संशोधक मानतात.

ही कथा बाजूला ठेवली, म्हणजे माल्टाच्या खऱ्या इतिहासाकडे वळता येते. 1522 मध्ये तुर्कांपुढे ऱ्होड्स बेट गमावल्यावर संत योहानाच्या संघाचे सरदार निराधार झाले होते. सम्राट पाचवा चार्ल्स याने 1530 साली त्यांना माल्टा बहाल केले. मोबदला म्हणून दरसाल एक ससाणा द्यावा, एवढीच खंडणी. हे सरदार व्रतस्थ असले तरी युरोपातील बड्या घराण्यांत वाढलेले होते, आणि शिकार हा त्या घराण्यांचा आवडता खेळ. त्यांचे महास्वामी वेरदाल यांनी 1586 साली बुस्केतच्या वनराईलगत आपला वाडा बांधला. ती वनराई महास्वामींचे राखीव शिकारीचे रान होती. खडकाळ बेटावर मांस दुर्मीळ, आणि शेतकऱ्याच्या बांधावर फिरणारा ससा मात्र धन्याच्या मालकीचा, असा हा न्याय होता. पीक सशाने खावे, पण सशाला शेतकऱ्याने खाऊ नये!

या निर्बंधांची परिसीमा झाली ती महास्वामी शिमेनेस यांच्या काळात. 1773 च्या आरंभी ते गादीवर आले तेव्हा संघाचा खजिना रिता होता. धान्याचे भाव चढले, पाव महागला. त्यातच सशाच्या शिकारीवर त्यांनी बंदी घातली. बिशपांच्या अधिकारावरून संघाशी तंटा चालूच होता. अखेर 8 सप्टेंबर 1775 रोजी, पवित्र मरियेच्या जन्मोत्सवाच्या दिवशी, काही माल्टी धर्मगुरूंनी उठाव केला. त्यांचे अग्रणी होते दॉन गाएतानो मान्नारिनो. राजधानी व्हॅलेटातील सेंट एल्मोचा किल्ला आणि सेंट जेम्सचा बुरूज त्यांनी हस्तगत केला. लोक साथीला धावून येतील, ही त्यांची आशा मात्र फोल ठरली आणि काही तासांतच उठाव मोडला. तिघांना देहान्त शासन झाले. मान्नारिनो बंदिवासात पडले, ते 1798 साली फ्रेंचांनी बेट जिंकल्यावरच बाहेर आले. खुद्द शिमेनेस उठावानंतर दोनच महिन्यांनी निवर्तले.

हा उठाव सशासाठी झाला काय? तसे म्हणणे म्हणजे पुन्हा एक सोयीची कथा रचणे होईल. उपाशी पोट, महाग पाव आणि अपमानित धर्मगुरू ही कारणे अधिक वजनदार होती. परंतु बंदी सशावर होती हे खरे, आणि लोकस्मृतीने ससाच जपला. माल्टाचे इतिहासकार कार्मेल कास्सार यांनी 1994 मध्ये लिहिलेल्या एका निबंधात, सशाची मेजवानी ही शेतकऱ्यांच्या प्रतिकाराची खूण होय काय, असा प्रश्न शीर्षकातच उपस्थित केला. अठराव्या शतकाच्या अखेरीस निर्बंध सैल झाले, ससे वाढले, घराच्या परसात ते पाळले जाऊ लागले आणि मग ही मेजवानी सर्वसामान्यांच्या आवाक्यात आली, असे दिसते. प्रतिकाराचा अर्थ तिला चिकटला असेल, परंतु तिला पोसले ते परसातल्या खुराड्याने.

आता प्रत्यक्ष पाकक्रियेकडे येऊ. सशाचे मांस पांढरे असते आणि त्यात चरबी अत्यल्प. म्हणून भर आचेवर ते लगेच कोरडे व चिवट होते. माल्टाच्या गृहिणीची सारी युक्ती या एका अडचणीतून जन्मली आहे. सशाचे तुकडे करायचे: मागचे दोन पाय, पुढचे दोन पाय आणि पाठीचे दोन-तीन भाग. ते लाल वाइन, ठेचलेला लसूण आणि तमालपत्र यांत रात्रभर मुरवीत ठेवायचे. दुसऱ्या दिवशी निथळून तेलावर चहूबाजूंनी तांबूस परतायचे, त्याच भांड्यात कांदा-लसूण परतून टोमॅटोचा रस आणि मुरवणाची वाइन ओतायची, आणि झाकण ठेवून मंद आचेवर दीड-दोन तास शिजू द्यायचे. काळीज शेवटी शेवटी घालतात. आधी घातल्यास ते कडक होते. दुसरा प्रकार त्याहून साधा: लसूण व वाइन यांसह नुसता परतलेला ससा.

गोव्याचे विंदालू ज्या पोर्तुगीज नावावरून आले, त्याचा अर्थही वाइन व लसूण यांत मुरवलेले मांस असाच आहे. गोव्यात वाइनची जागा व्हिनेगरने घेतली आणि मिरची आली. आपल्या ईस्ट इंडियन घरांतले इंद्याल त्याच कुळातले. ही रीत माल्टाकडून आपल्याकडे आली असे नव्हे. दक्षिण युरोपच्या एकाच परंपरेच्या या दोन दूरच्या शाखा होत.

वाढण्याची पद्धतही लक्षात घेण्याजोगी आहे. ‘फेनकाता’ म्हणजे सशाची पंगत. तीत आधी कालवणाचा रस्सा घातलेली स्पॅगेटी येते, आणि पोट अर्धे भरल्यावर मग मांसाचे तुकडे, सोबत बटाटे, मटार आणि रस टिपून घ्यायला पाव. एक ससा मोठ्या कुटुंबाला पुरावा, अशी ही काटकसरीची योजना आहे. शिवाय, या ताटातील टोमॅटो आणि बटाटा हे दोन्ही अमेरिका खंडातून सोळाव्या शतकात युरोपात आले. म्हणजे आज ‘पुरातन’ म्हणून वाढले जाणारे हे कालवण सरदारांनी माल्टावर पाऊल ठेवले तेव्हा या रूपात असणे शक्यच नव्हते. परंपरासुद्धा हळूहळूच शिजत असते.

या पंगतीचा खरा दिवस म्हणजे 29 जून, संत पेत्र व संत पौल यांचा सण. माल्टी लोक त्याला ‘इम्नार्या’ म्हणतात. दिवे, रोषणाई या अर्थाच्या शब्दावरून हे नाव पडले. आदल्या रात्री कुटुंबेच्या कुटुंबे बुस्केतच्या झाडांखाली जमतात, लोकगीते गातात आणि सशाचे कालवण खातात. जे रान एके काळी महास्वामींच्या शिकारीसाठी राखीव होते, त्याच रानात शेतकऱ्यांची नातवंडे बसून तेच मांस वाटून घेतात. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

वाचकांपैकी कोणास हा पदार्थ करून पाहावासा वाटला, तर एवढेच सुचवितो, की तो पाळीव सशाचा असावा. आपल्याकडील रानसशाची शिकार 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. माल्टातील बंदी धन्याच्या करमणुकीसाठी होती, आपल्याकडील बंदी सशाच्या जिवासाठी आहे. दोन्ही बंदींना एका मापाने मोजता येत नाही. आणि कालवण रटरटत असताना पोप ग्रेगरींची ती गोष्ट कोणी सांगू लागलाच, तर त्याला तूरच्या बिशपांची गोष्ट अवश्य सांगावी. ताटातल्या पदार्थाइतकाच त्याचा इतिहासही निवडून, पारखून घ्यावा लागतो.