राहुरीचा हिरवा स्फटिक आणि त्याचा पत्ता

नगर जिल्ह्यात कुणी ‘शेतात ट्रायलोबाइट सापडला’ म्हणत दगड घेऊन आला, तर तो दगड न बघताही नाही म्हणता येतं. हा समुद्री प्राणी सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी नामशेष झाला आणि नगरखालचा काळा पाषाण आहे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. आपल्याकडे ट्रायलोबाइट हवा असेल तर स्पिती नाहीतर काश्मीर गाठावं लागतं. पण म्हणून संग्राहकांच्या दुनियेत नगरला कुणी ओळखत नाही असं नाही. राहुरी तालुक्यातल्या मोमीन आखाडा या गावाचं नाव परदेशातल्या खनिजसंग्राहकांना पाठ असतं, ते तिथल्या हिरव्या अपोफिलाइटमुळे.

याची कुळकथा विहिरीत सुरू होते. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढे खडकातून झिरपणाऱ्या गरम पाण्याने त्या पोकळ्यांच्या भिंतींवर आतून स्फटिक चढवले. अशा पोकळ्या भरलेल्या थराला आपल्याकडे मांजऱ्या म्हणतात. विहीर खोदताना मुरूम संपला की सुरुंग लावायचे आणि यारीने डबर वर काढायचं. त्या डबरात चमकणारं काही दिसलं तर ते ‘गारगोटी’, आणि गारगोटीची रवानगी बांधावर. २००१च्या सुमारास मोमीन आखाड्याच्या विहिरींतून हिरव्या अपोफिलाइटचे गोळे वर आले. एकेका गोळ्यात कितीतरी स्फटिक एका केंद्रातून चहूकडे वाढलेले, प्रत्येकाचं टोक बाहेर, त्यामुळे गोळा हातात फिरवला की ठिकठिकाणी उजेड लखलखतो. बाजाराने त्यांना ‘डिस्को बॉल’ म्हटलं. नाव बटबटीत आहे खरं, पण वस्तू पाहिली की वाद घालावासा वाटत नाही.

दख्खनच्या या दगडांची कागदोपत्री नोंद मात्र फार जुनी. मुंबई सरकारच्या सेवेतल्या विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३०च्या दशकात दख्खनच्या खडकांवर लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेसाठी निबंध लिहिला. पुढे १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटातून रेल्वे नेताना बोगदे आणि डोंगरकाप खोदले गेले, तेव्हा पोकळ्या उघड्या पडल्या आणि तिथले स्फटिक युरोपातल्या संग्रहालयांत पोचले. आगगाडी, खडीची खाण, विहीर: या तिघींनी मिळून आपल्या दगडाचं पोट उघडलं. खनिज शोधायला म्हणून त्यात कुणी उतरलंच नव्हतं.

हातातला दगड ओळखायची रीत त्याहूनही जुनी. स्वीडनच्या अक्सेल क्रॉनस्टेट यांनी १७५६मध्ये एक खनिज फुंकनळीच्या ज्योतीत धरलं. आतलं पाणी उसळून ते फसफसलं, म्हणून त्यांनी त्याला झिओलाइट म्हटलं. अपोफिलाइट तापवलं की त्याचे पापुद्रे सुटतात; त्यावरून फ्रान्सच्या रने-ज्युस्त आयुई यांनी १८०६मध्ये त्याचं नाव ठेवलं. म्हणजे त्या काळी दगडाची चाचणी हेच त्याचं नाव होई. आज काटेकोर वर्गीकरणात अपोफिलाइट झिओलाइटमध्ये बसत नाही, पण पोकळीत दोघं एकमेकांना चिकटून वाढतात आणि व्यापारी त्यांना एकाच टोपलीत विकतात.

घरच्या संग्रहात फुंकनळी नको, दहापट दाखवणारं भिंग पुरे. अपोफिलाइट आणि गार (क्वार्ट्झ) यांत गल्लत होते ती अशी मिटते: गारेचा स्फटिक सहा बाजूंचा आणि त्याच्या बाजूंवर आडव्या रेघा, अपोफिलाइट चौकोनी आणि रेघा उभ्या. त्याचा माथा सपाट असेल तर तो तेवढाच मोत्यासारखा झळाळतो, बाकीच्या बाजू काचेसारख्या. चाकूचं टोक गारेवर चालत नाही, अपोफिलाइटवर ओरखडा उठतो. अर्थात ही परीक्षा मागच्या बाजूला, तुटक्या कडेवर घ्यावी. शेजारी फिकट गुलाबी, मध्ये आवळलेल्या पेंढीगत जुडगे दिसले तर ते स्टिल्बाइट. कॅल्साइट आहे का बघायला आम्लाचा थेंब टाकू नये: आम्लाने अपोफिलाइटही बिघडतं. भडक गुलाबी किंवा निळ्या केसाळ गोळ्या कुणी दाखवल्या तर ते रंगवलेलं ओकेनाइट, मूळचं ते पांढरं असतं. तुटलेला स्फटिक कधीकधी दुसऱ्याच दगडावर डिंकाने बसवलेला असतो, तेव्हा भिंग बुडाशी फिरवावं.

इथपर्यंत दगड स्वतःच बोलतो. पुढचं तो सांगत नाही. ट्रायलोबाइटच्या डोक्याच्या नि शेपटीच्या घडणीवरून जाणकार त्याची जात ठरवतो, जातीवरून काळ ठरतो आणि प्रदेशाचाही अदमास लागतो. रेडलिकिया दिसला की कँब्रियन काळ, आणि पाकिस्तानातली सॉल्ट रेंज, चीन किंवा ऑस्ट्रेलियाकडचा खडक डोळ्यांसमोर येतो. अपोफिलाइट मात्र आपला पत्ता असा सांगत नाही. त्याचा हिरवा रंग व्हॅनेडियममुळे, हे १९७४मध्ये जॉर्ज रॉसमन यांनी दाखवून दिलं. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकात दगडाचा पत्ता आहे ‘पूना, इंडिया’. तो दगड पुण्याचा असेलही. पण जुन्या चिठ्ठ्यांवर ‘पूना’ इतक्या सढळ हाताने लिहिलेलं असतं की नुसत्या त्या शब्दावर मी विश्वास ठेवत नाही. नंतर ‘जळगाव’चंही तेच झालं. शेतकऱ्याकडून गावातल्या माणसाकडे, त्याच्याकडून शहरातल्या व्यापाऱ्याकडे आणि तिथून परदेशात जाताना गावाचं नाव पहिल्याच टप्प्यात गळायचं, कधी विसरून, तर कधी मुद्दाम, दुसऱ्याला विहिरीचा पत्ता लागू नये म्हणून.

म्हणून संग्रह ठेवणाऱ्याला माझा एकच आग्रह: दगडाबरोबर आलेली जुनी चिठ्ठी, चुकीची वाटली तरी, फेकू नका आणि खोडूही नका. आपली नवी चिठ्ठी तिला जोडा. तिच्यावर गाव, तालुका, विहीर की खाण, कुणाकडून घेतला आणि केव्हा, एवढं लिहा. ऐकीव असेल तर ‘ऐकीव’ असं स्पष्ट लिहा. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, तेव्हा नव्या चिठ्ठीवर तेच घालावं, जुनीवरचं ‘अहमदनगर’ आहे तसं राहू द्यावं. आणि बांधावर पडलेल्या गारगोट्यांत काही हिरवं दिसलं, तर ते कुठल्या विहिरीचं हे त्याच दिवशी विचारून घ्यावं. विहीर बांधून झाली की तो थर परत दिसत नाही.