पितृपक्षातील विनोद : बुलढाणा जिल्ह्यातील भुलाबाईच्या गाण्यांविषयी

वऱ्हाडात भाद्रपदी पौर्णिमेस भुलाबाई बसते आणि कोजागिरीस तिची बोळवण होते. या महिन्याचा पूर्वार्ध म्हणजे पितृपक्ष होय. ज्या घरात वडीलधारी मंडळी पितरांना पान वाढतात व मंगलकार्य पुढे ढकलतात, त्याच घरात मुली सायंकाळी भुलाबाई-भुलोबाच्या मातीच्या मूर्तींपुढे थट्टेची गाणी म्हणतात. बुलढाणा जिल्ह्यातील या प्रथेची चर्चा बहुधा नामव्युत्पत्तीपाशी थांबते. भिल्लिणीच्या वेषातील पार्वतीला शंकर भुलला, म्हणून ती भुलाबाई, ही कथा रमणीय खरी. परंतु व्युत्पत्तीचा पुरावा म्हणून ती दुबळीच. गाणी याच पंधरवड्यात का येतात, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

मृतांचे स्मरण आणि विनोद यांची ही जोडी केवळ वऱ्हाडातच आढळते असे नव्हे. ख्रिस्ती पंचांगात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा व २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा दिवस; त्यांच्या पूर्वसंध्येस, ३१ ऑक्टोबरला, हॅलोवीन येतो. त्या रात्री स्कॉटलंडमधील मुले सोंगे घेऊन दारोदार जात, काही म्हणून दाखवीत व खाऊ मिळवीत. पुढे अमेरिकेत या सणाला ध्वनिमुद्रिकाही लाभल्या. बॉबी पिकेट याचे ‘मॉन्स्टर मॅश’ हे भुतांच्या नाचाचे थट्टेखोर गीत १९६२ च्या ऑक्टोबरात तेथील लोकप्रियतेच्या यादीत पहिले आले.

मराठी मुलींचा विनोद याहून सौम्य असेल, अशी अपेक्षा कोणी करू नये. भोंडल्याच्या फेरातील एका प्रसिद्ध गाण्याचा नायक वेडा नवरा आहे. त्याला करंजी होडीसारखी भासते व लाडू चेंडूसारखा. खाण्याचा प्रत्येक पदार्थ तो भलत्याच कामी लावतो. शेवटी त्याला झोपलेली बायको दिसते. ती मेली असे समजून तो तिला जाळून टाकतो. गाणाऱ्या मुली येथेच सर्वांत मोठ्याने हसतात! सासरी जाणाऱ्या मुलींच्या तोंडी हे कडवे शोभते की नाही, याची चिंता मोठ्यांनी करावी. पंधरवडा मात्र त्याला अगदी साजेसा आहे.

अशी गाणी कागदावर फार उशिरा आली, आणि त्याचे कारण केवळ अनास्था नव्हे. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यातील वऱ्हाडीच्या विवेचनाचे ऋण नाकारता येणार नाही. परंतु सर्वेक्षणाचा ठरावीक नमुना म्हणजे बायबलातील उधळ्या पुत्राच्या दृष्टान्ताचे भाषांतर. तुलनेसाठी ती सोय उत्तम असली, तरी मुलींच्या गाण्यांना त्या चौकटीत जागा कोठून मिळणार? शिवाय ही गाणी तिथीला बांधलेली. ऐन वैशाखात एखाद्या अधिकाऱ्याने मागितली तर ती कोण म्हणणार? पुढे दुर्गा भागवत, सरोजिनी बाबर यांसारख्या विदुषींनी स्त्रियांच्या मौखिक वाङ्मयाला अभ्यासविषयाचा दर्जा मिळवून दिला, तेव्हा ही कोंडी काही अंशी फुटली.

तथापि मुद्रणाबरोबर एक नवी हानी सुरू होते. वऱ्हाडीत ‘ळ’च्या जागी अनेकदा ‘य’ येतो : ‘काळी’चे ‘कायी’, ‘डोळा’चे ‘डोया’. म्हणजे गाणाऱ्या मुलीच्या कानाला ‘कायी’ आणि ‘गायी’ हे निर्दोष यमक आहे. लेखनिकाने शुद्धलेखनाच्या भरात ‘काळी’ लिहिले की यमक मोडते, आणि पुढचा वाचक मूळ रचनाच ओबडधोबड होती असा निष्कर्ष काढतो. ‘मले’, ‘तुले’ यांचे ‘मला’, ‘तुला’ केल्यानेही हेच घडते. पश्चिमेस खानदेशात हीच देवता गुलाबाई होते. मलकापूरच्या बाजूची गाणी तपासताना ही सरहद्द ध्यानात ठेवावी लागते. कोणते रूप कोणत्या गावी ऐकले, याची नोंद नसलेला पाठ बोलीच्या इतिहासाला जवळजवळ निरुपयोगी ठरतो.

एक भाग तर कोणत्याही पाठात मावत नाही. गाणी संपली की झाकलेला डबा हलवून दाखवतात आणि आतली खिरापत मुलींनी आवाजावरून ओळखायची असते. गोड की तिखट, फुटाणे की लाडू, असा प्रश्नोत्तरांचा गलका होतो. त्यालाही ताल असतो, पण त्याचे शब्द त्या सायंकाळच्या डब्यावर अवलंबून असतात.